ऑपरेशननंतर जेवण अडतं, उलटतं, अंगी लागत नाही? आधी घड्याळ तपासा, मग ताट

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे सगळं हातात दिलेल्या तक्त्याप्रमाणे चालतं: पाणी, मग दूध-सूप, मग मऊ लगदा. घोळ सुरू होतो तो घन अन्न आलं की. आज अंडं छातीत बसलं, उद्या चिकन उलटलं, परवा भाजीने पोट दुखलं. मग एकेक पदार्थ ‘मला चालत नाही’ या यादीत जातो. दोन-तीन महिन्यांत ताटात उरतात सूप, बिस्किटं, आइस्क्रीम आणि चहा. हे सगळं न अडता उतरतं, त्यामुळे तेच चालतं असा समज होतो. प्रथिनं कमी पडतात, केस गळतात, जिना चढताना धाप लागते आणि वजनही हलत नाही.

यातल्या बहुतेक तक्रारींमध्ये पदार्थ निर्दोष असतो. घास मोठा, वेग जास्त, पाणी चुकीच्या वेळी किंवा शिजवण्यात कोरडेपणा, यांपैकी काहीतरी असतं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्यापासून सुरू केल्या आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान तीन दिवस तशीच ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

लक्षणं: काय होतंय यापेक्षा कधी होतंय

जेवणाला सुरुवात केल्यापासून त्रासापर्यंत किती मिनिटं गेली, यावरून अर्धं निदान होतं.

- घास घेताच किंवा ५-१० मिनिटांत: छातीच्या हाडामागे दाब, तोंडाला पाणी सुटणं, पांढरी फेसाळ लाळ, मग अन्न जसंच्या तसं वर येणं. अन्न अडकलं आहे. हे पचनाचं दुखणं नाही, म्हणून पित्ताच्या गोळीने जात नाही.
- १० ते ३० मिनिटांत, फार तर तासाभरात: धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, आडवं व्हावंसं वाटणं. हे लवकरचं डम्पिंग. दाट गोड अन्न झपाट्याने लहान आतड्यात उतरतं आणि शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं.
- १ ते ३ तासांनी: हात थरथरणं, घाम, अचानक कडकडून भूक, डोकं सुन्न. हे उशिराचं डम्पिंग. साखर एकदम चढते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर गरजेपेक्षा खाली जाते.
- जेवणाशी संबंध नाही: उठून उभं राहताना चक्कर, गडद लघवी, डोकेदुखी, मळाला खडा. बहुधा पाणी कमी पडतंय.
- आठवड्यामहिन्यांत हळूहळू: थकवा, केस गळणं, बोटांना मुंग्या, पायांवर सूज, बर्फ चघळत राहावंसं वाटणं. प्रथिनं किंवा जीवनसत्त्वं-खनिजं कमी पडत आहेत. बर्फाची ओढ ही लोह कमी असल्याची जुनी खूण आहे. ती लोक हसण्यावारी नेतात, म्हणून मुद्दाम सांगितली.

ऑपरेशन कोणतं झालंय तेही महत्त्वाचं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या बाजूला साधारण ३० मिलीचीच पिशवी ठेवतात आणि जठराच्या खालच्या तोंडाची झडप वाटेतून वगळली जाते. त्यामुळे डम्पिंग जास्त दिसतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण ते चार पंचमांश भाग काढून अरुंद नळी उरते, झडप मात्र जागेवर राहते. तिथे दाब आणि छातीत जळजळ जास्त. डम्पिंग तिथेही होतं, पण कमी.

यातलं काही असेल तर पुढे वाचू नका, फोन उचला

- ऑपरेशनला काही दिवस किंवा थोडेच आठवडे झालेत आणि नाडी बसल्या जागी १२०च्या वर, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं किंवा श्वास अपुरा. टाक्यातून गळती झाल्याची शंका घ्यावी लागते.
- स्वतःची थुंकीही गिळता येत नाही, किंवा दिवसभरात घोटभर पाणीही टिकलेलं नाही.
- उलटीत रक्त, कॉफीच्या गाळासारखा पदार्थ किंवा डांबरासारखा काळा मळ. लोहाच्या गोळीनेही मळ काळसर होतो, पण तो चिकट आणि उग्र वासाचा नसतो.
- बायपास झालाय आणि पोटात जोरात पेटके येऊन जातात, विशेषतः जेवणानंतर, कधी पाठीपर्यंत. वजन उतरल्यावर आतली चरबी कमी होते, आतड्यांमधल्या फटी मोठ्या होतात आणि त्यात आतडं अडकू शकतं. ऑपरेशनला दोन-तीन वर्षं झाली असली तरी हे होऊ शकतं.
- बरेच दिवस उलट्या चालू आहेत आणि आता चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात किंवा बोलण्यात गोंधळ आहे.

१. घास आणि घड्याळ

खर्च शून्य, आणि सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात.

चहाचा लहान चमचा घ्या. त्यावर वाटाण्याएवढा घास. तो तोंडात चटणीसारखा होईपर्यंत चावा. वीस वेळा हा आकडा ढोबळ आहे. जिभेने दाबल्यावर गाठ लागते का, ही खरी खूण. चमचा खाली ठेवा. गिळल्यावर साधारण मिनिटभर थांबा, मग पुढचा घास. चमचा हातातून खाली न ठेवणाऱ्याचा पुढचा घास आपोआप भरला जातो. सगळी गंमत तिथेच बिघडते.

कारण सरळ आहे. पूर्वी जठर मोठ्या पिशवीसारखं होतं, ढवळून अन्न बारीक करायचं. आता ते काम दातांवर आलंय. बायपासच्या जोडाचं (पिशवी आतड्याला जोडतात त्या जागेचं) तोंड साधारण सव्वा-दीड सेंटिमीटर रुंद असतं. त्यापेक्षा मोठा न चावलेला तुकडा आला की वाट बंद, आणि मागून येणारा प्रत्येक घास त्याच्यावर रचला जातो.

एका जेवणाला २० ते ३० मिनिटं द्या. अर्ध्या तासानंतर ताटात काही उरलं तरी उचला. पाऊण-एक तास रेंगाळत खाल्लं तर पोट भरल्याची खूण येतच नाही, कारण खालून अन्न पुढे सरकत राहतं. ही खूणही आता बदललेली असते. ‘पोट भरलं’ असं वाटण्याऐवजी उचकी लागते, नाक गळायला लागतं, खोल सुस्कारा येतो किंवा बरगड्यांमध्ये हलका दाब जाणवतो. यातलं जे तुमचं असेल ते ओळखून ठेवा. त्याच्यानंतरचा एक घासच उलटी घडवतो.

किती खायचं याचा अंदाज: लगद्याच्या टप्प्यात पाव कप, दोन-तीन महिन्यांनी अर्धा कप, वर्षाच्या आसपास एक कप. माणसागणिक फरक पडतो. पण तीन महिन्यांनी दोन कप आरामात जात असेल तर ते बहुधा पातळ किंवा विरघळणारं अन्न आहे. त्याबद्दल पुढे.

अडकलंच तर: खाणं तत्काळ थांबवा. वरून पाणी पिऊन ढकलायचा प्रयत्न करू नका. वाट बंद असल्यामुळे पाणीही वरच साचतं आणि दोन्ही एकदम बाहेर येतं. उभे राहा, हळू चाला, थांबा. उलटी होऊन गेली की आतलं अस्तर सुजलेलं असतं, म्हणून पुढचे १२ ते २४ तास फक्त द्रव घ्या. त्यानंतर एक दिवस लगदा, मग मऊ अन्न. दुपारी उलटी झाली आणि रात्री ‘काही खाल्लं नाही’ म्हणून घन जेवण घेतलं, तर सुजलेल्या वाटेत ते पुन्हा अडकतं. ‘रोज उलटी होते’ ही तक्रार अनेकदा याच चक्राची असते. दिवसभर पोटाला विसावा दिला की ती थांबते.

२. पाणी: किती आणि कधी

दोन वेगळे दोष एकाच नावाखाली येतात: पाणी पुरेसं नसणं, आणि ते जेवणाला चिकटून असणं.

दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव लागतो. जेवणाआधी १५ मिनिटं आणि जेवणानंतर ३० मिनिटं पाणी बंद. अर्ध्या तासाची तीन जेवणं धरली तर पावणेचार तास पाण्याविना जातात. जागेपणाचे १४ तास धरा, उरले सव्वादहा. म्हणजे तासाला साधारण १५० मिली प्यायलं तर दीड लिटर होतं. हे घोटाघोटाने सहज जमतं. दुपारपर्यंत विसरून संध्याकाळी भरून काढायला गेलात तर जमत नाही, कारण पिशवीत एका वेळी मावतच नाही. १५० मिलीची खूण केलेली बाटली शेजारी ठेवा आणि तासाला एकदा भरा. लघवी फिकट पिवळी झाली की पुरेसं झालं.

जेवताना पाणी घेतलं तर बायपासमध्ये अन्न लवकर पुढे वाहून जाण्याची आणि पुन्हा लवकर भूक लागण्याची भीती असते. स्लीव्हमध्ये अरुंद नळी पाण्यानेच भरते आणि वर दाब येतो. फसफसणारी पेयं दोन्हीकडे वाईट, वायूला जागाच नसते. स्ट्रॉने काहींच्या पोटात हवा जाते. तसं होत असेल तर सोडा, नसेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

रक्तदाबाची किंवा लघवी होण्याची गोळी चालू असेल आणि उभं राहताना चक्कर येत असेल, तर नुसतं पाणी वाढवून थांबू नका. वजन उतरल्यावर जुना डोस जास्त होतो. डॉक्टरांकडून तो त्याच आठवड्यात तपासून घ्या.

३. तीन दिवसांची नोंद

आठवणीवर भरवसा ठेवू नका. वही घ्या आणि वेळ, पदार्थ, प्रमाण, किती मिनिटांत संपलं, पाणी कधी घेतलं, त्रास काय आणि कधी झाला, एवढं लिहा. अशी एक नोंद बघा:

*१:१० अर्धा कप भात-डाळ. १:१८ संपलं. १:२० ग्लासभर संत्र्याचा रस. १:४० धडधड, घाम, आडवा झालो. शेरा: भात चालत नाही.*

शेरा चुकला आहे. आठ मिनिटांत अर्धा कप संपलाय, लगेच गोड द्रव गेलाय आणि वीस मिनिटांनी डम्पिंग झालंय. तोच भात पंचवीस मिनिटांत, रसाशिवाय घेऊन बघायला हवा. ही नोंद नसती तर भात कायमचा हद्दपार झाला असता, आणि रस चालू राहिला असता.

आमचा नियम असा: पद्धत बरोबर ठेवून, वेगवेगळ्या तीन दिवशी त्रास झाला तरच पदार्थ बाजूला काढा. तोही कायमचा नाही. तीन-चार आठवड्यांनी दोन चमचे घेऊन पुन्हा बघा. दुसऱ्या महिन्यात न चाललेलं अंडं पाचव्या महिन्यात निमूट उतरतं.

४. ताटातला क्रम आणि प्रथिनांची बेरीज

प्रथिनं आधी, भाजी नंतर, भात-ब्रेडसारखं पिठूळ शेवटी. जागा अर्ध्या कपाची आहे आणि जे शेवटी येतं ते उरतं. उरायचंच असेल तर पिठूळ उरू द्या. ढोबळ वाटणी म्हणजे निम्मा भाग प्रथिनं, एक तृतीयांशाच्या आसपास भाजी-फळं, राहिलेला धान्य. धान्य पूर्ण बंद करण्याची हौस अनेकांना येते, तिची गरज नाही. ते तंतूंसह थोडं असावं, नाहीतर बद्धकोष्ठ ठरलेलं.

प्रथिनांचं लक्ष्य दिवसाला किमान ६० ग्रॅम, साधारण ६० ते ८०. तुमच्या आहारतज्ज्ञांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आकडा त्यांच्याकडूनच घ्या. आता बेरीज करून बघा. एक अंडं ६. पाणी निथळून घट्ट केलेलं दही १०० ग्रॅम, ९ (साध्या दह्यात साडेतीन-चारच असतात, इथे पुष्कळजण फसतात). शिजलेलं चिकन ६० ग्रॅम, १७. दूध २०० मिली, साडेसहा. शिजलेली घट्ट मसूर अर्धा कप, ९. एकूण साडेसत्तेचाळीस. दिवसभर शिस्तीत खाऊनही साडेबारा ग्रॅम कमी पडले. म्हणून पहिल्या वर्षात प्रोटीन पावडरचा अर्धा स्कूप दुधात घालावा लागतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र डब्यावर एका स्कूपमागे २० ते २५ ग्रॅम प्रथिनं आणि साखर फार तर ४-५ ग्रॅम आहे का, ते वाचून घ्या.

केस गळण्याबद्दल एक खुलासा. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळणारे केस हे झपाट्याने वजन उतरल्याचे आणि शरीरावर आलेल्या ताणाचे असतात, ते परत येतात. वर्षानंतरही गळत असतील किंवा एक वर्ष उलटल्यावर नव्याने सुरू झाले असतील, तर प्रथिनं, लोह आणि झिंक तपासा. केसांच्या महागड्या गोळ्या त्याआधी घेऊ नका.

५. उतरतं म्हणून खाल्लं जाणारं

बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, चॉकलेट, गोड कॉफी. लाळेत विरघळतात, जोडावर थांबत नाहीत आणि पोट भरल्याची खूण देत नाहीत. त्यामुळे ‘मी खातच नाही, तरी वजन वाढतं’ या तक्रारीत नोंदवही बहुतेक वेळा हेच दाखवते. चिकन अडलं की बिस्किटाकडे वळणं समजण्यासारखं आहे, पण त्याचा अर्थ असा की दुरुस्ती चिकनची करायची होती.

ती अशी. चिकन किंवा मासे कोरडे भाजण्यापेक्षा रश्शात शिजवा आणि रेषा आडव्या कापून बारीक तुकडे करा. पुन्हा गरम केलेलं मांस अधिक कोरडं आणि तंतुमय होतं. काल चाललेलं चिकन आज अडण्याचं कारण अनेकदा इतकंच असतं. कडक उकडलेल्या अंड्याचा पिवळा कोरडा बसतो, मऊसर फेटून केलेलं अंडं जातं. ताज्या मऊ ब्रेडचा लाळेत गोळा होतो. तोच कडक भाजला तर तुकडे होऊन उतरतो. भाज्या आधी साल काढून शिजवलेल्या. कच्ची कोशिंबीर दोन-तीन महिन्यांनंतर. दुधाने पोट फुगतं पण दह्याने नाही, तर प्रश्न दुग्धशर्करेचा आहे. लॅक्टोज काढलेलं दूध घ्या, दूधच सोडू नका.

दारूचा उल्लेख इथेच, कारण तीही सहज उतरते. बायपास आणि स्लीव्हनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते, पूर्वीच्या प्रमाणाचा अंदाज उपयोगाचा नाही, आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो.

६. डम्पिंग हटत नसेल तर

वेळ आणि क्रम सुधारूनही घाम-धडधड येत असेल तर लपलेली साखर शोधा: फळांचा रस, मध, स्वाद घातलेलं दही, खोकल्याचं सिरप, गोड प्रोटीन पेय. लेबलवर ४ ग्रॅम साखर म्हणजे जवळपास एक चहाचा चमचा. ‘शुगर फ्री’ गोळ्या-चॉकलेटांतल्या सॉर्बिटॉलने साखर चढत नाही, पण जुलाब आणि वायू होतात. तो त्रास लोक डम्पिंग समजतात. पिष्टमय पदार्थ एकटे घेऊ नका, सोबत प्रथिनं असू द्या.

उशिराच्या प्रकारात झटका येताच ग्लुकोमीटरने साखर मोजा. नुसत्या अंदाजाने गोड खाल्लं तर दोन तासांनी तेच चक्र पुन्हा सुरू होतं. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम झटपट साखर घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि सावरल्यावर प्रथिनांचा छोटा खाऊ घ्या. ५४च्या खाली गेली, शुद्ध हरपू लागली, किंवा असे झटके वारंवार येऊ लागले तर इथे घरची दुरुस्ती संपली. यावर औषधं आहेत, ती तज्ज्ञ देतील. हा प्रकार बहुधा ऑपरेशननंतर वर्ष उलटल्यावर सुरू होतो, त्यामुळे त्याचा संबंध ऑपरेशनशी लावलाच जात नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच झटक्याला डॉक्टरांना कळवा, डोस जास्त होतोय.

एक सावधगिरी: मधुमेहासाठी ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती चाचणी बायपासनंतर जोरदार डम्पिंग घडवू शकते. गरोदरपणात ती सर्रास सांगितली जाते. ऑपरेशनचं नाव आधीच सांगा, पर्यायी तपासणी असते. गर्भधारणा मात्र १२ ते १८ महिने पुढे ढकलायला सांगतात.

७. गोळ्यांचं वेळापत्रक

संतुलित जेवण जमलं तरी गोळ्या आयुष्यभर लागतात. ‘आता सगळं खातो, गोळ्या कशाला’ हे दुसऱ्या वर्षातलं नेहमीचं वाक्य. अडचण अन्नात नसून शोषणात आहे. बायपासमध्ये लोह आणि कॅल्शियम जिथे शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भाग वाटेतून वगळलेला असतो. स्लीव्हमध्ये आम्ल कमी होतं आणि बी-१२ सुटं करणारी यंत्रणा कमी पडते.

नेहमीची प्रमाणं: बी-१२ रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. कॅल्शियम दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम. डी जीवनसत्त्व साधारण ३,००० आययूपासून, पुढे रक्तातल्या पातळीप्रमाणे. लोह पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास-स्लीव्ह झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) किमान १२ मिलिग्रॅम. तुमच्या चिठ्ठीवर वेगळा डोस असेल तर चिठ्ठी खरी.

दोष मात्र डोसपेक्षा वेळेत जास्त सापडतो. कॅल्शियम एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन भाग करा. प्रकार सिट्रेट असू द्या, कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं आणि तेच आता कमी आहे. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास. लोहासोबत चहा, कॉफी, दूध नको. लोहाने मळमळत असेल तर सकाळऐवजी झोपताना घेऊन बघा. चघळायच्या रंगीत गमी बहुतेक बिनकामाच्या, त्यांत लोह नसतं.

घरातल्या इतर गोळ्याही याच वेळी टेबलावर ओता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या वेदनाशामकांनी बायपासच्या जोडावर अल्सर होतो. तंबाखू ओढण्यानेही होतो. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली साधी गोळी आणि ‘जेवलं की जळजळतं’ ही तक्रार यांची गाठ कोणी घालून बघत नाही. हृदयासाठीची ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, विचारा.

८. रक्ततपासणी

आता खर्च सुरू. ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी: रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, यकृत-मूत्रपिंड. बायपाससारख्या ऑपरेशनांत शिवाय ए जीवनसत्त्व, झिंक, कॉपर.

अहवाल वाचताना फसायच्या जागा दोन. रक्तातलं कॅल्शियम ‘नॉर्मल’ दिसतं, कारण कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं. चोरी पकडायची तर पॅराथायरॉइड हार्मोन बघा. आणि अंगात कुठे सूज-जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन खोटं चढलेलं दिसतं. बी-१२चा साठा शरीरात काही वर्षं पुरतो, म्हणून पहिल्या वर्षाचा चांगला अहवाल पुढची हमी देत नाही. मुंग्या आणि चालताना अडखळणं बी-१२सारखंच कॉपरच्या कमतरतेनेही होतं. एक सुधारूनही फरक नसेल तर दुसरं तपासायला सांगा.

९. इथून पुढे सर्जनचं काम

घास, वेळ, पाणी, पोत, गोळ्या सगळं दोन आठवडे नीट पाळलं आणि तरी त्रास तसाच, तर घरी आणखी प्रयोग करू नका. विशेषतः असा क्रम असेल तर: आधी मांस अडायचं, मग मऊ अन्न, आता सूपही. पहिल्या तीन महिन्यांत जोड आकसल्याची ही ठरावीक चाल आहे. कितीही चावून ती सुटत नाही. एंडोस्कोपीने बघतात आणि फुगा घालून रुंद करतात. स्लीव्हमध्ये नळीला मुरड किंवा अरुंदपणा येतो तेव्हाही चित्र असंच दिसतं. बँड (जठराभोवतीचा आवळपट्टा) बसवला असेल आणि अचानक सगळंच अडायला लागलं, तर तो जास्त घट्ट झालाय किंवा सरकलाय. सैल करण्याचं काम सुईने दवाखान्यातच होतं.

तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी. वजन झपाट्याने उतरताना खडे होतात. म्हणूनच अनेकांना पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. आणि ‘घशाखाली उतरेल पण खाण्याची भीती वाटते’ अशी अवस्था असेल तर आहारतज्ज्ञाबरोबर समुपदेशकही लागतो. ताटात कितीही बदल केले तरी भीती त्याने हलत नाही.

जाताना तीन दिवसांची नोंदवही, ऑपरेशनचं नेमकं नाव आणि तारीख, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा रक्ताचा अहवाल न्या. वेगळ्या दवाखान्यात जावं लागलं तर ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढंच सांगू नका, बायपास की स्लीव्ह ते सांगा. उलट्या आठवडाभराहून जास्त चालू असतील तर आणखी एक गोष्ट: शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो, आणि तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन दिलंय का, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. रुग्णाला बोलण्याचं त्राण नसेल तर सोबतच्या माणसाने विचारायचं.